आतून न उघडणारी गाडी

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाबाहेर माझ्या मुलाने, सुनीलने, सामान गाडीत टाकलं, मला पुढच्या सीटवर बसवलं आणि बाहेरून दार लावून घेतलं. सांता क्लाराला त्यांच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा तो लगबगीने उतरून माझ्या बाजूला आला आणि दार उघडून उभा राहिला. मला वाटलं, अमेरिकेत येऊन पोरगा सुधारला. नागपुरात मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले तरी हा खाटेवरून उठत नसे.

"चांगली सवय लागली रे तुला," मी म्हटलं.

सुनील सामान काढायला मागे गेला. मागच्या सीटवरून सून म्हणाली, "आई, त्या दाराचं आतलं हँडल तुटलंय. ते बाहेरूनच उघडतं."

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. अमेरिकेचा इतिहास, भूगोल सांगणं माझं काम नाही. मला जे दिसलं ते लिहिते, आणि त्यातलं बरंचसं मला या गाडीच्या काचेतून दिसलं. गाडी जपानी, तपकिरी, टपावरचा रंग नायट्यासारखा उडालेला. एक विद्यार्थी देश सोडून जाताना सुनीलला विकून गेला होता, आणि त्या विद्यार्थ्यानेही ती आधीच्या एका विद्यार्थ्याकडून घेतली होती. माझ्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं, सुनीलच्या बाजूची काच खाली होत नव्हती आणि मागचा एक ब्रेकचा दिवा लागत नव्हता. बाकी गाडी पळायची.

सांता क्लारा गाव म्हणावं तर गाव नाही. रुंद रस्ते, कडेला कापलेलं गवत, चालायला सिमेंटची वाट, आणि त्या वाटेवर माणूस नाही. पहिल्या दिवशी मी खिडकीत बसून वाट पाहिली. दुपारपर्यंत एक कुत्रं गेलं, तेही साखळीला बांधलेलं. सगळे गाडीत. दूध आणायचं तरी गाडी, आणि व्यायामाला चालायचं असलं तर चालायच्या जागेपर्यंत गाडी. सुनील एका कॉम्प्युटर कंपनीत. तो सकाळी गाडी घेऊन गेला की आम्ही दोघी घरात.

सून वैशाली अमरावतीची, बी.एस्सी. झालेली. लग्नाआधी शाळेत शिकवायची. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना नोकरी करता येत नाही. तिने घरातल्या साऱ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. हळद, तिखट, मीठ. मी म्हटलं, "मीठ ओळखू येत नाही का तुला?" ती म्हणाली, "येतं. वेळ जात नाही."

एका शनिवारी सुनीलने आम्हाला जेवायला नेलं. म्हणजे गाडीतून न उतरता खिडकीतून खाणं घ्यायचं अशा ठिकाणी. काच खाली होत नसल्यामुळे त्याने दार उघडून, अर्धं अंग बाहेर काढून कागदी पिशवी घेतली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. खिडकीतली पोरगी हसली. बटाट्याच्या काड्या आणि गोड चटणी, एवढ्यासाठी ही कसरत.

"काच दुरुस्त काऊन करत नाहीस?" मी विचारलं.

"आई, ही गाडी काढायचीच आहे. नवी घेणार आहे."

"कधी?"

"बघू. बोनस झाला की."

वैशाली मागे काड्या खात होती. ती म्हणाली, "दोन वर्षांपासून बघताहेत."

खरी गोष्ट मला तिच्याकडून नंतर कळली. तिच्याकडे गाडी शिकायचा परवाना होता आणि त्याची मुदत संपत आली होती. इथे चालवायची परीक्षा द्यायला आपली गाडी आपणच न्यायची. परीक्षा घेणारे आधी गाडी तपासतात. काच खाली झाली पाहिजे, मागचे दिवे लागले पाहिजेत, शेजारचं दार आतून उघडलं पाहिजे, कारण तिथे ते स्वतः बसतात. वैशाली एकदा गेली होती. त्यांनी दार पाहिलं आणि परीक्षा न घेता परत पाठवलं. मुदत संपली असती तर पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा पहिल्यापासून सगळं. सुनीलला हे माहीत होतं. पण त्याला गाडी लागत होती ऑफिसला जायला, आणि ऑफिसला जायला काच खाली व्हावी लागत नाही.

"मग मित्राची गाडी ने," मी म्हटलं.

"सगळे म्हणतात, वहिनी, कधीही घेऊन जा. तारीख सांगितली की इन्शुरन्स आठवतो."

हे मित्र मला रविवारी भेटले. आपली बरीच मुलं तिथे आहेत, नागपूरची, पुण्याची, मुंबईची. महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमून बुद्धवंदना घेतात, मग पॉटलक (प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, कोणी कोणाला विचारायचं नाही). त्या दिवशी चार घरांहून चार छोले आले. मी केलेलं मटण पोरांनी डोळे पुसत खाल्लं.

"जयभीम, काकू. बऱ्याच दिवसांनी असं तिखट खाल्लं," असं म्हणून एकाने तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

वंदनेला अर्धा तास लागला. गाडीची सभा त्याहून लांबली. जेवणानंतर सुनीलने विषय काढला आणि पाच इंजिनियर खाली उतरून गाडीभोवती उभे राहिले. बिघडलं होतं दाराचं हँडल, आणि यांनी उघडलं बॉनेट. एकाने चाकाला लाथ मारून पाहिली. चर्चा निम्म्याहून जास्त इंग्रजीत. मला त्यातून एकच शब्द लागत होता. "व्यर्थ नाही, यार." "अजिबात व्यर्थ नाही." सगळ्यांचं एकमत दिसलं. तोंडं मात्र मयताला आल्यासारखी. मी मनात म्हटलं, दुरुस्ती व्यर्थ नाही हे पाचही जणांना पटलंय, तर मग करून का टाकत नाहीत? आणि व्यर्थ नाही म्हणताना कपाळाला हात का लावतात?

एकाची सहा-सात वर्षांची मुलगी जवळ आली. गाडीकडे बघून म्हणाली, "इट्स सो ओल्ड." वैशालीने मला अर्थ सांगितला.

"तिला म्हणावं, मीपण आहे. पण माझी दारं उघडतात."

त्या आठवड्यात वैशालीने जेवताना पुन्हा परीक्षेची तारीख सांगितली. मीही एकदा बोलले. शेवटी सुनीलने गाडी एका व्हिएतनामी माणसाच्या गॅरेजात टाकली. तो म्हणाला, "तो काय म्हणतो बघू, मग ठरवू." त्या दिवशी तो मित्राच्या गाडीने ऑफिसला गेला. दुपारी घरचा फोन वाजला. वैशाली खाली कपडे धुवायला गेली होती. तिथे सगळ्या इमारतीची मशीनं एका खोलीत असतात. फोन मी घेतला.

"आई, मी मीटिंगला चाललोय. वैशालीला सांग, गॅरेजवाल्याला लगेच फोन कर. त्याला म्हणावं, रिपेअर करणं व्यर्थ नाही. एवढंच सांग."

मला बरं वाटलं. एक तर निर्णय झाला, आणि दुसरं, पोरगा बऱ्याच दिवसांनी शुद्ध मराठी बोलला.

वैशाली कपड्यांची टोपली घेऊन वर आली. मी निरोप सांगितला.

तिने टोपली खाली ठेवली. "काय म्हणाले? पुन्हा सांगा."

"रिपेअर करणं व्यर्थ नाही."

"व्यर्थ म्हणाले?"

"माझे कान चांगले आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फोनकडे गेली. गॅरेजवाल्याशी इंग्रजीत बोलली, शेवटी "ऑल थ्री" म्हणाली, आणि येऊन कपड्यांच्या घड्या घालायला बसली. त्या दिवशी रुमालांनासुद्धा तिने कोपऱ्याला कोपरा लावून घड्या घातल्या.

संध्याकाळी सुनील गाडी घेऊन आला. वरच्या खिडकीतून मी पाहिलं, गाडीची काच खाली होती आणि त्याचं कोपर बाहेर. पण वर आला तो तापलेला.

"रिपेअर करायला कोणी सांगितलं?"

"आईंनी तुमचा निरोप दिला," वैशाली म्हणाली.

"आई, मी तुला काय सांगितलं होतं?"

"व्यर्थ नाही."

"वर्थ. वर्थ नाही. म्हणजे त्या लायकीचं नाही, करू नको."

"मग लायकीचं नाही, असं म्हण ना. मला कशाला इंग्रजीत सांगतोस?"

"अगं, वर्थ सगळ्यांना कळतं."

"म्हणजे तुमचं वर्थ आणि आमचं व्यर्थ एकमेकांच्या उलटं?"

"हो."

"मग रविवारी ते पाचही जण नको म्हणत होते?"

"हो, आई."

"तरीच तोंडं तशी होती."

तो आत जाऊन कॉम्प्युटरपुढे बसला. मी स्वयंपाकघरात गेले. वैशाली पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती हळू आवाजात म्हणाली, "मला कळलं होतं, आई. हे कधी व्यर्थ म्हणाले असते?"

"मग बोलली काऊन नाहीस?"

"तुम्ही निरोप दिला, मी पाळला."

लग्नापासून मी या पोरीला गरीब गाय समजत होते. त्या दिवशी माझा समज दुरुस्त झाला.

शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवाला बसावा लागतो, म्हणून परीक्षेच्या दिवशी सुनीलला रजा काढून यावं लागलं. लायसन्सच्या कचेरीत अर्धी दुनिया रांगेत होती. चिनी, मेक्सिकन, आपले. परीक्षा घ्यायला एक उंच, धिप्पाड बाई आली. तिने काच खाली करायला लावली, मागे जाऊन दिवे पाहिले. मग शेजारी बसली, दार लावलं, आतून उघडलं, परत लावलं. गाडी निघून गेली. आम्ही मायलेक बाकावर.

"फेल होईल बघ," सुनील म्हणाला. "ती वळताना फार घाबरते."

"शिकवलं कोणी?"

"मीच."

"ओरडून?"

"ट्रॅफिकमध्ये हळू बोलून चालत नाही, आई."

"तू कितव्या खेपेला पास झालास?"

"ते वेगळं होतं."

"कितव्या?"

"तिसऱ्या."

गाडी परत आली. ती बाई वैशालीला बराच वेळ काहीतरी सांगत होती, बोटं मोजत. मला वाटलं, गेली. मग वैशाली सावकाश चालत आमच्याकडे आली. म्हणाली, "चुका खूप काढल्या. पण झाले पास."

सुनील "काँग्रॅट्स" म्हणाला, उसनी साखर परत करताना म्हणावं तसं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस तो मित्राबरोबर ऑफिसला गेला, आणि वैशाली म्हणाली, "आई, समुद्र बघायचा?" मी चपला घातल्या. मुंबईतलं सांताक्रूझ मी पाहिलेलं नाही, अमेरिकेतलं पाहिलं. वाट डोंगरावरून जाते. दोन्ही बाजूंना उंच काळी झाडं, वळणामागे वळण, आणि मागे येणारे सगळे घाईत. वैशालीने स्टीअरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी बोलले नाही. एवढं मलाही कळतं.

समुद्र थंड. पाय बुडवला तर कळ टाळूपर्यंत गेली. आम्ही वाळूत बसून पोळी आणि लोणचं खाल्लं. धुकं आलं तशा उठलो. गाडीत बसलो, आणि ती नवी दुरुस्त केलेली काच, जी वैशालीने हौसेने पूर्ण खाली केली होती, वर येईना. फिरकी नुसतीच फिरे. एक पिकल्या केसांचा माणूस काखेत लांब फळी (तिच्यावर उभं राहून ते लाटांवरून घसरतात) घेऊन चालला होता, अंगावरून पाणी गळत होतं. तो थांबला. फळी खाली ठेवून त्याने दोन्ही तळव्यांत काच दाबून धरली आणि वर सरकवली, वैशालीने फिरकी फिरवली. काच अर्ध्यावर येऊन थांबली ती थांबलीच.

"गुड इनफ," तो म्हणाला आणि निघाला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, एवढं पुरे."

त्या देशात मी ऐकलेलं हे पहिलं शहाण्यासारखं बोलणं.

डोंगरातून परत येताना वारा थेट कानात. वैशालीने ओढणी डोक्याला गुंडाळली, मी पदर. घरी आलो तेव्हा दोघींची नाकं लाल.

सुनीलने काच पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. आल्यापासून मी त्याला एवढा आनंदी पाहिला नव्हता. "मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," वैशाली म्हणाली. "चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला ऑफिसला सोडलं आणि गाडी घेऊन त्याच गॅरेजला गेली. व्हिएतनामी माणसाशी भांडून तिने काच पुन्हा बसवून घेतली. कोणाला विचारलं नाही, कोणाकरवी निरोप पाठवला नाही.

मी परत निघाले त्या दिवशी गाडी वैशालीने चालवली. सुनील मागे सामानात बसला होता आणि प्रत्येक सिग्नलला पाय दाबत होता, जसा काही ब्रेक तिथेच आहे.

आता नागपुरात आल्यापासून शेजारणी विचारतात, अमेरिकेत काय पाहिलं. धबधबा पाहिला का, उंच इमारती पाहिल्या का. नाही पाहिल्या. मी सांगते, तिथे रस्ते फार मोठे आहेत आणि पायांना काही किंमत नाही. ज्याच्या हातात किल्ली नाही, तो माणूस घरात मांडून ठेवलेलं सामान. मग तो बी.एस्सी. असो नाही तर एम.एस्सी. त्यांना हे आवडत नाही. त्यांच्या मुली तिकडे द्यायच्या आहेत.

परवा सुनीलचा फोन आला. नवी गाडी घेतली म्हणाला. जुनीही ठेवलीय, वैशाली काढू देत नाही. मग इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आला.

"आई, ती आजकाल दुपारभर घरी नसते. लायब्ररीत जाते, कुठे मुलांना शिकवायला जाते, फुकट. फोन केला तर कोणी उचलत नाही. विचारलं तर म्हणते, जरा बाहेर गेले होते."

"मग?"

"मग काय, सांगून जायला नको?"

"तू रोज गाडी घेऊन जायचास, तेव्हा तिला काय सांगून जायचास?"

त्याने विचारलं, नागपुरात ऊन किती आहे.

म्हटलं, दरवर्षी असतं तेवढंच आहे.