बदलीवरचा माणूस

मंडळी, आजची मेल जरा जड आहे, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

सकाळी भिवंडीहून लूमच्या कारखान्याचे मालक रफीकभाई यांचा फोन आला. "तुम्ही बनवलेला हजेरीचा डेटाबेस बिघडलाय. जिवंत माणूस मेलेला दाखवतोय!"

गेलो तर ऑफिसात त्यांचा लूम कामगार इस्माईल बसलेला, हातात स्वतःच्याच मरणाची तार. गेल्या आठवड्यात लूमवर शॉक लागून एक कामगार गेला. त्याच्या हजेरी नंबरावरून कॉम्प्युटरनं जो पत्ता दिला, तिथे, म्हणजे इस्माईलच्या गावी, तार केली होती.

मी डेटाबेसमधली सगळी टेबलं तपासली, इंडेक्स नव्यानं बांधला. बिघाड कुठेच नव्हता.

शेवटी इस्माईलच हळू आवाजात म्हणाला, "गाव जाते टाइम बदली देके गया था. वो मेरे नंबर पे काम करता था."

"नाव काय त्याचं?"

तो रडायलाच लागला. "नाके पे मिला था, साहब. सब उसको बदली ही बोलते थे."

रफीकभाई म्हणाले, "त्याची वेगळी एंट्री करा. नाव राहू दे रिकामं."

कॉम्प्युटर घेईना. नावाशिवाय माणूस नोंदवायचा नाही, ही अट प्रोग्राममध्ये मीच घातली होती.

तुम्ही असतात तर तिथे काय लिहिलं असतं?