शाकारलेली जीप

पावसाळ्यात कुठे जुनं पेट्रोल इंजिन धडधडलं, की मला पालघरजवळच्या माहीमचं ते प्रकरण हटकून आठवतं. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण एवढं कुतूहल दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यानं जागवलं नाही. कारण चोरीला गेलेली वस्तू चांगली दांडगी होती, आणि ज्याची ती गेली तो माणूस मजेत होता.

तेव्हा मी पालघर तालुक्यात किनाऱ्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मासेमारीची बंदी नुकतीच लागली होती, त्यामुळे जाळ्यांवरून होणारी भांडणंही थंडावली होती. अशात एका सकाळी मुंबईत नोकरी करणारा चाळिशीचा गृहस्थ तक्रार घेऊन आला. माहीमला वडिलांच्या वाडीत उभी असलेली जुनी जीप रात्रीतून नाहीशी झाली होती.

ही जीप लष्कराच्या लिलावातली, चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह. घेतली तेव्हा नुसता गंजका सांगाडा होता. वडिलांनी निवृत्तीनंतर तिचा नटबोल्ट न् नटबोल्ट खोलला, पत्रा खरवडला, जाम झालेलं इंजिन सोडवून चालू केलं. शेजारचा एक नाखवा, म्हणजे मच्छीमार होडीचा मालक, त्यांच्या मदतीला असे. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मुलगा आता घर बंद करून त्यांना मुंबईला नेणार होता आणि जीप एका रिसॉर्टला द्यायची ठरली होती.

"ते चालवणार का ती?" मी विचारलं.

"नाही साहेब. इंजिन काढून टाकणार, बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार. दारात शोभेला. इथे एकटी उभी राहून सडण्यापेक्षा बरं ना? आज ट्रक यायचा होता."

मुलगा वाईट नव्हता, नुसता घाईत होता. त्या घाईनं घरं मोडलेली मी बरीच पाहिली आहेत.

गुन्हा नोंदवला, नाकाबंदीचा बिनतारी संदेश दिला आणि पंचनाम्याला गेलो. शेडचं कुलूप फोडलेलं नव्हतं, कारण शेडला कुलूपच नव्हतं. वाडीतून किनाऱ्याकडे जाणारी वाट होड्या ओढल्यानं पार उखणली होती, तिथे टायरचा माग काय मिळणार! हवालदारानं आजूबाजूला जबाब घेतले. रात्री गाडीचा आवाज आला का, कुणी परकं दिसलं का. सगळ्यांचं एकच उत्तर.

"नाय साहेब. रातचा काय आवाज नाय आयला."

ओटीवर खुर्चीत वडील बसले होते. मी सवयीनं त्यांचा चेहरा पाहिला. साधी सायकल गेली तरी माणसाचा चेहरा उतरतो. या काकांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतंच, उलट जेवून तृप्त झालेल्या माणसासारखे ते समोर पाहत होते. आजारपणामुळे कळत नसेल, असं मुलगा म्हणाला. मला ते पटलं नाही.

पुढच्या आठवड्यात बोईसरच्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. तिथल्या सालवड गावामागे एका भंगारवाल्याकडे जुनी जीप आली आहे. मी साध्या वेषात गेलो. जीप होती, पण दुसरीच, नुसतं कलेवर. भंगारवाला मात्र माणूस जाणता निघाला.

"साहब, चोरी की होती तो अब तक इंजन अलग, गियर अलग, पत्ता भी नहीं लगता," तो म्हणाला. "ऐसा पुराना माल बाजार में आए तो सबसे पहले हमको खबर होती है. कुछ नहीं आया. गाड़ी साबुत है, किसी ने अपने पास रखी है."

परतताना हेच डोक्यात घोळत होतं. विकायची नाही, चालवली तर दिसेल. मग चोरली कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासाची प्रगती सांगायला, म्हणजे काही प्रगती नाही हे सांगायला, हवालदाराला घेऊन मी माहीमला गेलो. मुलगा चहा आणायला आत गेला. पाऊस थांबला होता. एवढ्यात काकांनी मान किनाऱ्याकडे वळवली आणि डोळे मिटले. त्यांच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर हलू लागली.

मी कान दिला. किनाऱ्यावर इंजिन चालू होतं. बंदीच्या काळात नाखवे होड्या वाळूवर ओढून घेतात, नारळाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांनी आणि ताडपत्रीनं झाकतात. याला शाकारणं म्हणतात. खाऱ्या वाऱ्यानं इंजिन जाम होऊ नये म्हणून मधूनमधून ते चालूही करतात. त्यात नवल काही नाही. पण होडीचं इंजिन डिझेलचं, त्याचा आवाज ठोके घातल्यासारखा. हा आवाज मऊ होता, सलग होता. पेट्रोलचा होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

चहाची वाट न पाहता मी किनाऱ्यावर गेलो. शाकारलेल्या होड्यांची रांग होती, आणि एका ताडपत्रीखालून धूर येत होता. ताडपत्री उचलली तर आत जीप. चाकांखाली फळ्या, पत्र्याला तेलाचा हात, कडेला सायलेन्सरच्या तोंडात कोंबायचा तेलकट बोळा. होडीची घेतात तशी तिची बडदास्त होती. बॉनेटशी काकांचा शेजारी नाखवा उभा होता. मला पाहून त्यानं इंजिन बंद केलं, पळाला नाही.

"नाखवा, चोरलेली वस्तू लोक दडवून ठेवतात. तुम्ही ती वाजवता?"

"बंद ठेवला तं जाम होते साहेब. किती वर्सं लागली सोडवायला."

"आणली कशी?"

"दिवसाचीच. पोरगा कागदांसाठी कोळगावला सरकारी हापिसात गेलेला, रातचाच परतला. होड्या वढायला समदी मानसं जमलेली. येक दोर हिला बी लावला. कोन इचारनार? वढायचा तं वढायचा."

म्हणजे जबाब देणाऱ्यांपैकी एकही खोटं बोलला नव्हता. आम्ही रात्रीचं विचारलं, त्यांनी रात्रीचं सांगितलं.

"मुलाला सांगायचं होतं."

"गाडी देऊ नको, बाबांना नाय आवडनार, सांगितला. तो बोलला, बाबांना आता काय कलत नाय."

"आणि काकांना विचारलंत?"

"इचारला तं! समिंदराकडं हात केला, बोललो, नेऊ का? त्यांनी माझा हात धरला, सोडीनात. ते बोलतात साहेब. बगनारा पायजे."

कायद्यानं मुद्दा सरळ होता. गाडी काकांच्या नावावर, आणि मालकाची संमती असेल तर चोरी कसली? पण ती संमती मला मुलासमोर हवी होती. मी जीप वाडीत घेऊन यायला सांगितलं.

जीप ओटीसमोर येऊन उभी राहिली तेव्हा मुलगा संतापला. नाखव्याला आत टाका म्हणाला. मी त्याला थांबवलं आणि काकांना स्पष्ट विचारलं, "गाडी तुमची. ही चोरी आहे का?"

काकांनी मान ठामपणे हलवली. नाही. मग त्यांनी डावा हात पुढे केला. आम्ही खुर्ची उचलून जीपपाशी ठेवली. इंजिन चालू होतं, बॉनेट उघडं होतं; त्यांनी मडगार्डवर तळवा टेकवला, कपाळाला आठी घातली आणि एक बोट किंचित फिरवलं. नाखव्यानं मुकाट्यानं कार्बोरेटरचा स्क्रू तेवढाच फिरवला. बोट अजून फिरलं, स्क्रू अजून फिरला. बोट थांबलं. इंजिनाची मघाची किंचितशी कुरकुर गेली.

मुलगा बघत होता. झटक्यानंतर वडिलांनी कुणाला काही सांगितलेलं त्यानं पाहिलंच नव्हतं. त्याचा राग कुठल्या कुठे गेला. तो नाखव्याजवळ गेला आणि त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला.

"बाबा, बरोबर आहे का अजून थोडं?" त्यानं विचारलं.

काकांचं बोट पुन्हा हललं. आवाज बरोबर झाला होता, हे मलासुद्धा कळत होतं. त्यांना बहुधा एवढ्यात थांबायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हवालदार मुद्दाम नारळाच्या झाडांकडे बघत राहिला.

प्रकरणात मी कोर्टात क समरी पाठवली, म्हणजे तक्रार गैरसमजातून झाल्याचा अहवाल. रिसॉर्टचा ट्रक पुन्हा आला नाही.

चोर वस्तू दडवतो, पण जपत नाही, हे त्या प्रकरणानं मला शिकवलं. दुसरीही एक गोष्ट शिकवली. त्यानंतर जबाब घेताना, हा बोलू शकत नाही असं कुणी सांगितलं, की मी खुर्ची त्याच्या जवळ ओढून घेत असे आणि आधी त्याचे हात बघत असे.