आधीच ठेवलेलं नाव

चेन्नईला आल्यावर मी गिंडीजवळ वाळवलेल्या वनस्पतींच्या एका संग्रहालयात चित्रं काढायचे. आमचे सर तंजावरकडचे मराठी, निवृत्तीला आलेले. घाटातल्या एका झाडावर त्यांना हिरवट पाकळ्यांचं, तांबड्या ठिपक्यांचं ऑर्किड सापडलं होतं. ही जात नवीन आहे, अशी त्यांची खात्री होती. तिच्यावरच्या लेखात ते तिला आपल्या वारलेल्या बायकोचं नाव देणार होते. त्यांचे नमुने दाबून ठेवायचे ओले टीपकागद आयुष्यभर तिनेच गच्चीवर वाळवले होते.

त्या फुलाचं मी काढलेलं चित्र पडताळून पाहायला मी जुने नमुने काढले. एका पिवळ्या पडलेल्या कागदावर तेच फूल चिकटवलेलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वीच कुणीतरी त्याचं वर्णन करून नाव ठेवलं होतं, आणि आधी ठेवलेलं नावच कायम राहतं. दोन दिवस तो कागद मी माझ्या खणातच ठेवला. तिसऱ्या दिवशी तो कागद सरांपुढे ठेवला.

त्यांनी भिंगाखाली दोन्ही फुलं बराच वेळ पाहिली.

"तेच आहे, अम्मा," तिकडे मुलींना म्हणतात तसं ते मला म्हणाले. "सांगितलंस ते बरं केलंस."

मग लेखाच्या पहिल्या पानावरचं बायकोचं नाव त्यांनी एका रेघेने खोडलं आणि शेजारी जुनं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. थोड्या वेळाने त्यांनी पुढचा नमुना मागितला.