अकरा नंबरचं पिंप

सोमवारी सकाळी छापखान्यातून लेबलांचा गठ्ठा आला आणि आल्सीद र्यूलिएनं तो सोडायचं टाळलं.

तसं बघायला गेलं तर त्याच्यासाठी तो मानाचा दिवस होता. व्हिन्योलो पेढीत त्यानं शेहेचाळीस वर्षं काढली होती. एकोणीस वर्षांचा असताना भट्टीची राख काढायला म्हणून आला, मग तांब्याचे हंडे घासायला लागला, मग हळूहळू कोठाराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आल्या. आता पासष्टी गाठली होती. येत्या जूनमध्ये तो किल्ल्या ठेवून घरी बसणार होता आणि त्याआधी क्लेमांसला त्याच्या हातून एक शेवटचं मोठं काम करून घ्यायचं होतं.

ही क्लेमांस म्हणजे पेढीची आजची मालकीण, आनातोल व्हिन्योलोची नात. वय चौतीस, बोर्दोला शिकून आलेली, बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. पेढी आजवर करत आली ते साधं होतं: वीस-पंचवीस पिंपांतली कोन्याक, म्हणजे द्राक्षांची मुरवलेली दारू, एकत्र करायची, चव जुळवायची आणि दरवर्षी तीच चव बाटलीत भरायची. गिऱ्हाईकही खूश, पेढीही खूश. क्लेमांसनं ठरवलं, एकदा तरी एकच पिंप जसंच्या तसं विकायचं. मिसळ नाही, पाणी नाही, काही नाही. त्यासाठी तिनं कोठारातलं सगळ्यात जुनं पिंप निवडलं होतं, अकरा नंबरचं. गुरुवारी ते उघडायचं होतं, त्यातून दोनशे सत्तर बाटल्या निघणार होत्या. कोपनहेगनच्या एका व्यापाऱ्यानं नमुना चाखून सगळ्याच्या सगळ्या मागून घेतल्या होत्या.

आल्सीदनं चष्मा लावून लेबल वाचलं. ‘लॉट ७३’. बाटलीवर उघड साल छापायचं तर सरकारी सील लागतं, ते या पिंपाला कधी लागलंच नव्हतं. म्हणून आमच्याकडे साल असं लॉटचा आकडा म्हणून छापतात आणि ज्याला कळायचं त्याला कळतं. खाली बारीक अक्षरात होतं: ‘पिंप क्रमांक अकरा. भरल्या दिवसापासून यात दुसरा थेंब पडलेला नाही.’ आणि त्याच्याही खाली: ‘सांभाळ: आल्सीद र्यूलिए.’

दुसरा थेंब पडलेला नाही म्हणे! थेंब कसला, चांगली तीस लिटर पडली होती. आणि ती ओतणारा हात आल्सीदचाच होता.

“आवडलं का, काका?” क्लेमांसनं विचारलं. लहानपणी पिंपांमध्ये लपाछपी खेळायची तेव्हापासून ती त्याला काकाच म्हणायची.

“नाव कशाला घातलंस माझं,” तो म्हणाला.

“मग काय माझं घालू? मी काय केलंय त्यात? मी जन्मलेसुद्धा नव्हते.”

त्याला लाज वाटली असं समजून ती हसत निघून गेली. आल्सीद लेबल हातात धरून तसाच उभा राहिला. गठ्ठ्यावर दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर कदाचित त्यानं गप्प बसून निभावलं असतं. तेवीस वर्षं निभावलंच होतं. पण आता त्याच्याच नावाखाली खोटं छापून आलं होतं.

त्र्याहत्तर साली द्राक्षं अशी लगडली होती की वेलींना तारा पुरेनात. आल्सीदचा तो पहिलाच मोसम. भट्टी नोव्हेंबरात पेटली ती मार्चअखेरपर्यंत विझलीच नाही. हंड्याशेजारीच खाट टाकलेली होती. तिथंच जेवायचं, तिथंच डुलकी काढायची. भट्टीच्या तोंडाशी मडक्यात पांढरा घेवडा रटरटत असायचा, निखाऱ्यांवर सार्डिन मासे भाजायचे, पावावर लसूण घासायचा. आनातोल मालक स्वतः सगळ्यांबरोबर चाकूनं पाव कापून खायचे. आता भट्टीवर गॅस आहे आणि भिंतीवर आकडे दाखवणारा डबा आहे. आल्सीदला त्याचं वावडं नव्हतं, पण त्या डब्याशेजारी बसून घेवडा खावा असं काही त्याला कधी वाटलं नाही.

त्या मोसमातलं एक पिंप मालकांनी बाजूला काढलं. आता, पिंपातली दारू दरवर्षी थोडी उडून जाते. लोक म्हणतात देवदूत पितात. पितात तर पितात, आमच्या कोठारांची कौलं त्या वाफेनं काळीठिक्कर पडली आहेत आणि देवदूतांची तहान काही भागत नाही. पिंप असं पोकळ व्हायला लागलं की कोठारवाला दुसऱ्या पिंपातली दारू घालून ते भरून काढतो. सगळ्या पेढ्यांत हीच रीत. पोकळ पिंप ठेवणं म्हणजे कोठारवाल्याच्या तोंडाला काळं. पण आनातोल मालकांचं डोकं वेगळं चालायचं. ते म्हणाले, “आल्सीद, याला हात लावायचा नाही. भरायचं नाही, काढायचं नाही. एकट्यानं ठेवलं तर पिंप काय करतं ते मला एकदा बघायचंय. शब्द दे.” एकोणीस वर्षांच्या आल्सीदनं शब्द दिला. मालकांनी स्वतःच्या हातानं पिंपाच्या तोंडावर खडूनं ७३ लिहिलं.

बावीस वर्षं त्यानं तो शब्द पाळला.

जिनेत त्याच्या आयुष्यात आली ती अठ्ठ्याहत्तरमध्ये, बाटल्या भरायच्या खोलीत. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि आल्सीदला बोलायचा आळस, त्यामुळे दोघांचं जमलं. तिच्या बापानं लग्नात तिला चुनखडीच्या उतारावरच्या सहा ओळी वेली दिल्या. सहाच, पण तिचा तोरा असा की जणू अख्खी टेकडी तिचीच. आल्सीद कोठारातून उशिरा आला की म्हणायची, “पिंपांशी जेवढं बोलतोस ना, त्याच्या निम्मं माझ्याशी बोल, मी चांगली मुरेन.” मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी एकमेकांना फारसं बोलून दाखवलं नाही, पण त्या सहा ओळींची छाटणी दोघं मिळून करायची आणि दुसऱ्या कुणाला कात्री लावू द्यायची नाहीत.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात ती आजारी होती, तरी तोडणीला आली. दोन स्वेटर, डोक्याला रुमाल. दोन वेली झाल्या की उपड्या टोपलीवर बसायची, परत उठायची. आल्सीदनं घरी जायला सांगितलं तर म्हणाली, “माझ्या वेली आहेत, तू गप तोड.” फेब्रुवारीत ती गेली. तिच्या द्राक्षांची दारू तेव्हा भट्टीतून नुकतीच उतरली होती, पाण्यासारखी पांढरी, तोंड भाजणारी. मालकांनी ती एका लहानशा पिंपात भरून दिली आणि म्हणाले, ही तुझी, राहू दे कोठारात.

लहान पिंपाची खोड अशी की ते दारूला फार वेगानं खातं. लाकूड जास्त लागतं, वाफ जास्त होते. सात वर्षांत ते अर्ध्यावर आलं. आल्सीद दर महिन्याला बूच काढून आत बघायचा आणि दर महिन्याला त्याचा जीव तुटायचा. जिनेत दुसऱ्यांदा चालली होती, त्याच्या डोळ्यांदेखत. शहाण्णवच्या मार्चमध्ये एका सकाळी त्यानं ती तीस लिटर कळशीत काढली. मोठ्यात मोठं, जुन्यात जुनं, शांत पिंप कुठलं? अकरा नंबरचं. तेही बरंच पोकळ झालेलं. त्यानं बूच काढलं, नरसाळं लावलं आणि ओतली. शब्द दिला होता हे त्याला आठवत नव्हतं असं नाही. आठवत असताना ओतली.

त्या नाताळात आनातोल मालकांनी काचेच्या नळीनं अकरामधली दारू काढून चाखली आणि बराच वेळ पेला हातात फिरवत राहिले. “यंदा हसतंय हे,” एवढंच म्हणाले आणि आल्सीदकडे बघितलं. आल्सीदनं खाली बघितलं. त्यानंतर आठ वर्षांनी मालक वारले. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे विचारायची हिंमत त्याला आठ वर्षांत झाली नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. आल्सीदला अन्न गोड लागेना. सांगावं तर पोरीचं पहिलंच मोठं काम मातीत जाणार, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि शेहेचाळीस वर्षांनंतर लोक म्हणणार, बघा, ज्याच्याकडे किल्ल्या त्यानंच हात मारला. न सांगावं तर जूनमध्ये घरी बसून रोज त्या दोनशे सत्तर बाटल्या आठवत मरायचं. बुधवारी दुपारी तो उठला आणि क्लेमांसला कोठारात बोलावून घेतलं. अकरा नंबरसमोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही.

क्लेमांसचा चेहरा उतरत गेला.

“किती?”

“तीस लिटर.”

“काचेच्या बरणीत का नाही भरली? बरणीतून उडत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं का हे?”

“माहीत होतं. काचेत दारू थांबते, पोरी. जशी भरली तशीच राहते. जिनेतला थांबवून ठेवायचं नव्हतं मला. तिला मुरू द्यायचं होतं.”

“आणि आजोबांना दिलेला शब्द?”

“मोडला,” आल्सीद म्हणाला.

क्लेमांसनं पिंपावरच्या ७३ कडे बघितलं. मग म्हणाली, “आज कशाला सांगितलंत? कुणाला कळलं नसतं. त्या कोपनहेगनवाल्याच्या बापाला कळलं नसतं.”

“तू माझं नाव छापलंस.”

क्लेमांस तरातरा निघून गेली. दार एवढ्या जोरात आपटलं की कौलांवरची कबुतरं उडाली. आल्सीद एका रिकाम्या पिंपावर बसून राहिला. आता ती काय करणार हे त्याला दिसत होतं. अकरा नंबर रिकामं करून मोठ्या टाकीत ओतायला सांगेल, दहा हजार लिटरमध्ये. त्र्याहत्तरही जाईल, जिनेतही जाईल, कुठल्या बाटलीत कोण गेलं याचा पत्ता लागणार नाही. आणि ओतायचं काम त्यालाच करावं लागेल. हे त्याला पटत होतं. यात कुणावर रागवायला जागाच नव्हती. तरी त्याला इतकं वाईट वाटलं की दोन्ही हात गुडघ्यांत घालून तो पुढं वाकला.

तासाभरानं ती परत आली. डोळे लाल होते, रागानं की कशानं कोण जाणे. हातात ओलं फडकं होतं आणि खडू.

“व्यापाऱ्याला फोन केला,” ती म्हणाली. “खरं ते सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाला. लेबलं चुलीत गेली. मी तुमच्यावर भयंकर चिडलेय, काका, आणि हे काही आठवड्याभरात जायचं नाही.”

“बरोबर आहे.”

“उठा. पुसा ते.”

आल्सीद उठला. पिंपाच्या तोंडावरचं ७३ अजून आनातोल मालकांच्याच वळणाचं होतं, सातच्या पोटात आडवी रेघ मारायची त्यांची सवय होती. त्यानं फडकं फिरवलं. दोन वेळा फिरवावं लागलं.

“आता टाकीची नळी आणतो,” तो म्हणाला.

“नळी कशाला? मी कुठं म्हटलं टाकीत ओता? आपल्याकडं मिसळलेल्या कोन्याकचं वय कशावरून धरतात?”

हे काय विचारणं झालं, ते तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. “त्यातल्या सगळ्यात धाकट्या दारूवरून,” आल्सीद म्हणाला.

“मग यात धाकटी कुठली?”

आल्सीदला ते समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर त्यानं तिच्याकडे बघितलं, पण ती दुसरीकडेच बघत होती.

“लिहा की,” ती म्हणाली. “त्यानं घेतली तर घेतली, नाही तर राहील इथंच. पण तोंडावर खरं असू दे.”

त्यानं खडू घेतला. ओल्या लाकडावर तो नीट उमटेना, म्हणून बाहीनं लाकूड कोरडं केलं. पहिला आठ काढला. दुसरा काढताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यानं पुसलं नाही, कारण एक हात पिंपावर होता आणि दुसऱ्यात खडू. ८८. आकडे जरा वाकडे आले. तो मागे सरून बघत राहिला, मग खडू क्लेमांसच्या हातात दिला.

“कोठारात ओल असते,” तो म्हणाला. “वर्षभरात पुसट होतं. दर हिवाळ्यात वरून गिरवावं लागतं.”

“गिरवीन,” क्लेमांस म्हणाली.