नाव न घालता धाडलेला अर्ज

भाद्रपद वद्य पंचमी. मी अंगणात पेरणीची ज्वारी पाखडत होते. बियाणं तयार होतं, फक्त पेरायला बैल नव्हता.

निजाम सरकारचा रस्ता मांजरसुंब्याच्या घाटात चालला होता. खडी ओढायला म्हणून आमच्या जोडीतला एक बैल पंधरा दिवसांच्या बोलीवर नेला, त्याला महिना झाला. आमचे हे हिवतापानं खाटेवर. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आठवडाभराचा, तेवढ्यात बैल आला नाही तर रान पडीक! रस्त्यावरचा साहेब गोरा, त्याला उर्दूही वाचता येईना. म्हणून इंग्रजी अर्ज लिहायला मी गावातल्या मास्तरांना बसवलं.

"वैनी, मालकाचं नाव सांगा."

"लगीन होऊन वीस वर्सं झाली, अजून घेतलं न्हाई. आता साह्यबासाठी घेऊ?"

"मला ठावं हाय की. मी लिवतो."

"अर्ज माजा हाय. मी सांगंल तेवढंच लिवा!"

"बरं. पण ह्या भाषेत जनावराला येगळा शब्द हाय..."

"जनावर? दर पोळ्याला माज्या हातानं पुरणपोळी खातो त्यो! माणसावानीच लिवा."

माझ्या बोलण्यात घोळ नव्हता. बैल तो, आणि हे ते. पण इंग्रजीत म्हणे मानाचा 'ते' नसतोच. (कसली बेअदब भाषा!) मास्तरांनी वर एकदा धनी आणि बैल लिहून पुढे दोघांना एकाच शब्दात कोंबलं: तो तापानं फणफणलाय. तो लई ताकदीचा हाय. त्याला वैरण घालता का न्हाई? हात लावला की तो लाथ मारतो. पेरणीआधी त्याला सोडा.

तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या छावणीतला सलोत्री, म्हणजे गुरांचा डॉक्टर, दारात हजर! हातात औषध पाजायचा बांबूचा नळा, मागे दोन धिप्पाड गडी.

"बीमार कुटं हाय?"

"आत, खाटेवर."

"खाटेवर?!" त्यानं हातातला कागद पुन्हा पाहिला. मग हुकूम तो हुकूम! "लाथ मारतो म्हनं. पाय धरा रे!"

आतून यांचा आवाज आला, "आरं ए! नळा काढ तोंडातून!"

मी धावले म्हणून, नाहीतर शेरभर काढा पोटात गेला असता.

सलोत्र्यानं साहेबाचं उत्तर आणलं होतं. मास्तरांनी ते घाम पुसत वाचलं: "तुमच्या आजारी बैलासाठी माणूस धाडला आहे. तुमचे यजमान मात्र खडी उत्तम ओढतात. रस्ता होईपर्यंत त्यांना सोडता येणार नाही. वैरण ते आवडीनं खातात."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून, मास्तरांना पुढे घालून, मी थेट घाट गाठला. साहेबानं विचारलं, बैल कुणाचा? सगळे मजूर कुदळी टेकून बघत होते. मी पदर खोचला आणि यांचं नाव, सासऱ्यांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत घेतलं! बैल सुटला.

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचलेली, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. "वीस वर्सांत पैल्यांदा माजं नाव घेतलंस, ते बी बैलापायी!"

खोटं कशाला बोलू? छावणीत खरंच हे अडकले असते, तर मी आणखी एक अर्ज धाडून वाट पाहिली असती.