दोन कप्प्यांची पिशवी

चिमी, राघव — हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. तुमच्या आजोबांजवळही नाही. परवा राघवने फोनवर विचारलं, “आजी, दुकानात नेहमीची गोळी नव्हती, दुसऱ्याच नावाची दिली. चालेल ना? तुला सगळं ठाऊक असतं.”

सगळं ठाऊक असतं — हे मी पूर्वीही ऐकलं आहे.

आधी गोळीचं सांगते. औषधाला दोन नावं असतात. एक त्यातल्या द्रव्याचं, ते सगळीकडे तेच. दुसरं कंपनीनं ठेवलेलं. चिमी, पासपोर्टवर तू मृण्मयी, घरात चिमी; मुलगी एकच. जी गोळी नुसत्या द्रव्याच्या नावानं मिळते ती जेनेरिक. रंग वेगळा असेल, वेष्टन साधं असेल; रोगावर काम करणारं द्रव्य आणि त्याचं प्रमाण तेच. म्हणून डॉक्टरांना विचारून एकीच्या जागी दुसरी घेता येते. एकीच्या जागी. जोडीला नाही.

हे मला कधी कळलं? तेच तर लिहायचं आहे — आणि हात पुढे जात नाही.

तुमची आई तेव्हा नागपूरला शिकत होती, नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी कुरखेड्याकडे शाळेत इंग्रजी शिकवत होते. गल्लीत कुणाकडेही औषध आलं की ते आधी माझ्या ओट्यावर यायचं. “बाईकडून वाचून आण, मग घे.” मी चष्मा लावायची, समोरच्याला बसवायची, नाव मोठ्यानं वाचायची. मला ते आवडायचं. का लपवू?

भिंतीला भिंत लागून करीमभाऊ शिंप्यांचं घर. त्यांची बायको जुबेदाभाभी माझी मैत्रीण. तिला शुगर होती. सरकारी दवाखान्यातून तिला पांढऱ्या गोळ्या मिळत, कागदाच्या पाकिटात, वर औषधाचं नाव हातानं लिहिलेलं. त्यांवर तिचं बरं चाललं होतं. मग बल्लारपूरहून जावई आला आणि चकचकीत पट्टी घेऊन आला.

“बाई, आता कोनती घेऊ?” दोन्ही माझ्या पुढ्यात ठेवत ती म्हणाली. “जावई म्हनते, सरकारी फेकून द्या. तिच्यात काही दम नाई म्हनते.”

मी पाकिटावरचं नाव वाचलं. पट्टीवरचं मोठं नाव वाचलं. दोन वेगळी नावं — म्हणजे दोन वेगळी औषधं. पट्टीवर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं. ते मी वाचलं नाही. बारीक अक्षरं वाचायला मी काय कंपाउंडर होते?

“दोन्ही घ्या,” मी सांगितलं. “सरकारी हलकी असते. एकीनं भागायचं नाही.”

हे मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही.

माझी शिस्त तुम्हाला माहीत आहे. मी करीमभाऊंकडून शर्टाच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून घेतली. दोन कप्पे, एक सरकारी गोळीचा, एक जावयाच्या पट्टीचा. भाभी ती कमरेला खोचून गल्लीभर दाखवत फिरली. “बाई वाचून देते म्हनून मी जगून राह्यली,” ती म्हणायची. “नाईतर हा दर्जी कधीचा माह्या कफनाचं माप घेऊन बसला आहे.” करीमभाऊ मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, “तुले कापड लय लागते, परवडत नाई.”

थोड्याच दिवसांनी सकाळी तिची सून धावत आली. “बाई, अम्मीले पाहा ना, कशी करून राह्यली!” भाभी घामानं भिजली होती, हात थरथरत होते, बोलणं तुटत होतं. सुनेनं साखरेचा डबा उघडला. “साखरेचं पानी देऊ का, बाई?”

मी तिचा हात धरला. हो, धरला. “वेडी आहेस का? शुगर वाढलीय तिची.”

चमचा डब्यातच राहिला.

जीपमध्ये पिशवी माझ्या मांडीवर होती. तेव्हा मी पट्टीवरची बारीक अक्षरं वाचली. मग पाकिटावरचं नाव. एकच स्पेलिंग. पुन्हा वाचलं. रस्ता खराब होता, पण अक्षरं हलत नव्हती. मी तिला एकच गोळी दुप्पट खायला लावली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून पाहिलं. साखर फार खाली गेली होती. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि भाभीनं डोळे उघडले. मला ओळखलं, हसलीसुद्धा. करीमभाऊ जीपवाल्याला थांबवायला बाहेर गेले होते. डॉक्टर तरुण होते. माझ्याशी मोठ्या आदरानं इंग्रजीत बोलत होते. त्यांनी हात पुढे केला — कोणत्या गोळ्या चालू आहेत? आणखी काही?

पट्टी तोवर माझ्या पर्समध्ये होती. कधी ठेवली, आठवत नाही — असं मी स्वतःला सांगत आले. आठवतं. दवाखान्याच्या पायरीवर.

“एवढीच,” मी म्हणाले आणि कागदाचं पाकीट पुढे केलं.

का? त्या मुलासमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मी इतकी वर्षं शोधते आहे. नाही सापडत.

एका गोळीनं असं झालं तर त्या उपाशी राहिल्या असतील, असं डॉक्टर म्हणाले. गोळी बंद करा, जेवू घाला. आणि संध्याकाळी घरी सोडलं. खरं कळतं तर त्यांनी सोडलं नसतं. हे औषध अंगात रेंगाळतं, साखर पुन्हा खाली ओढतं. मी ते नंतर वाचलं. पण आणखी काही आहे का, हे त्यांनी विचारलं होतं ना? त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून तिला खिचडी भरवल्याचा आवाज येत होता. मी उठून चार पावलं गेले असते तर — नाही गेले. पहाटे ती पुन्हा घामेजली. जीप येईपर्यंत संपली.

“जावयाचं ऐकलं असतं तर वाचली असती,” करीमभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. “सरकारी गोळीनं खाल्लं तिले.” मग माझ्याकडे पाहून, “हो ना, बाई?”

मी मान डोलावली.

गल्लीनं सरकारी गोळ्या सोडल्या. करीमभाऊंनी स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या नालीत फेकल्या. मी ओट्यावरून पाहत होते. पुढे त्यांची उजवी बाजू गेली. मशीन आता झाकलेलं असतं.

अजूनही ते मला तिचं सर्वांत जवळचं माणूस मानतात. ईदला शिरखुर्म्याचा पहिला वाडगा माझ्याकडे येतो. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. मी वाडगा घासते, कोरडा पुसते, साखरेनं काठोकाठ भरते आणि भिंतीपलीकडे पाठवते.