एक जायची, एक यायची

धक्क्यावर असं बोललं जातं की माझी आत्या बॅटरी कानाशी धरते, आणि आपण किती भरलोय हे बॅटरीच तिला सांगते. जाळीवाला तर शपथेवर सांगतो, "या डोळ्यांनी पाहिलंय हो! खोका असा छातीशी धरला, मान वाकडी केली, डोळे मिटले आणि म्हणाली, 'हिला अजून वेळ आहे.' काटा आला अंगावर!" जाळीवाल्याच्या अंगावर काटा यायला फारसं काही लागत नाही, आणि मला त्याची नक्कल करायलाही. पण ही गोष्ट तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत पोचली आहे, आणि तिथं तर म्हणे बॅटरी आत्याला घरच्यांची खुशालीही विचारते.

खरं एवढंच, की ती कान लावत नाही, गाल लावते. स्क्रू आणि पाने फिरवून तिचे तळहात इतके राठ झालेत की त्यांना ऊन-गार कळत नाही. गालाला कळतं. लिथियमची बॅटरी गारठलेली असताना चार्जिंगला लावली तर ती आतून कायमची बिघडते, आणि वरून मात्र ठणठणीत दिसते. म्हणून थंडीच्या दिवसांत होडीतून आलेली प्रत्येक बॅटरी आधी आत्याच्या गालाला लागते, मग थर्मामीटरला, आणि ऊब येईपर्यंत खिडकीजवळच्या फळीवर बसून राहते. डोळे ती मिटते, कारण गार लागतं. यात चमत्कार कुठंच नाही.

आत्याचं दुकान म्हणजे पूर्वीची बर्फ साठवायची खोली. भिंती हातभर जाड, दार लोखंडी. चार्जिंगची फळी पत्र्याची, तिच्याखाली वाळूची बादली, आणि फळीच्या वर काहीही टांगायचं नाही हा कायदा. गिऱ्हाइकानं रेनकोट टांगला तरी ती तो काढून त्याच्याच खांद्यावर ठेवते. बोलताना तिची सुरुवात ठरलेली: "साधी गोष्ट आहे." आत्यानं "साधी गोष्ट आहे" म्हटलं की जुनी गिऱ्हाइकं स्टूल ओढून घेतात, कारण आता अर्धा तास कुठं जायचं नसतं. मोटर किती ओढते, तुम्ही रोज किती लांब जाता, परतीला वारा तोंडावर असतो की पाठीवर, हे सगळं विचारल्याशिवाय ती बॅटरी विकत नाही. कोळी लोक अंतर सांगताना फुशारकी मारतात, हे तिला माहीत आहे. "दोन तास जातो" म्हटलं की ती दीड लिहिते.

दुकानापासून धक्क्यापर्यंत ब्याऐंशी पायऱ्या. खाली विजेची सोय नाही, त्यामुळे प्रत्येकाची बॅटरी रोज वर येते आणि रोज खाली जाते. त्या पायऱ्यांवरून एकच माणूस आपली बॅटरी दुसऱ्या कुणाच्याही हातात न देता एकोणतीस वर्षं नेत-आणत होता. तो म्हणजे आत्याचे वडील, माझे आजोबा.

त्यांची बॅटरी जुन्या पद्धतीची, शिशाची. वजन सत्तावीस किलो. गेल्या हिवाळ्यात आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही." आजोबांना समोरच्याचा शेवटचा शब्द उचलून परत फेकायची सवय आहे. "नाही? हं. नाही." एवढं बोलून ते घरी आले आणि त्यांनी जाहीर केलं, "ज्या दिवशी माझी बॅटरी दुसरा कुणी वाहील, त्या दिवशी होडी विकायची. पाण्यावर जायचं तर आपलं ओझं आपण न्यायचं."

आजोबा बोलले म्हणजे बोलले. घरात सगळ्यांना कळून चुकलं: दहा किलोच्या आत काहीतरी जमलं तर आजोबा तलावावर, नाही तर खुर्चीत. आणि खुर्चीतले आजोबा कसे असतात हे आम्ही ऑपरेशननंतरचे दोन महिने पाहिलं होतं. दिवसातून चाळीस वेळा ते हवामान सांगायचे. खिडकी आम्हालाही होती.

आत्यानं हे काम इतर कुठल्याही गिऱ्हाइकासारखंच हाती घेतलं. वही काढली.

"बाबा, रोज किती लांब जाता?"

"किती लांब? जवळच."

"जवळ म्हणजे?"

"म्हणजे? मासे असतील तिथं."

"परत यायला किती वेळ लागतो?"

"वेळ? पोरी, मी परत येतो ना रोज? मग."

आत्यानं वही मिटली आणि तीन दिवस खिडकीतून होडीवर नजर ठेवून स्वतःच हिशेब मांडला. आजोबांना रोज साधारण साठ अँपिअर-तास लागत होते. तिनं चाळीस-चाळीसच्या दोन लिथियम बॅटऱ्या निवडल्या, एकेक पाच किलोला जराशी कमी. दोन्ही मिळून दहाच्या आत, आणि दोन्ही हातांना सारखा भार. त्यावर तिनं रंगानं लिहिलं, एकीवर 'जायची', दुसरीवर 'यायची'. पहिली संपली की होडी वळवायची, दुसरी लावायची आणि घरी यायचं.

आजोबांनी 'जायची' एका हातानं उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग तिच्याकडे असं पाहिलं, जसं खोट्या वजनमापाकडे पाहतात.

"रिकामी आहे."

"भरलेली आहे, बाबा."

"भरलेली? भरलेल्या बॅटरीनं खांदा बोलतो."

"साधी गोष्ट आहे," आत्या सुरू झाली, पण आजोबा तोवर चौथ्या पायरीवर होते, दोन्ही हातांत एकेक खोका घेऊन, बाजारातून पाव आणायला निघाल्यासारखे.

सकाळी सहाला ते गेले. रोज साडेदहाला परत येतात. साडेदहा झाले, अकरा झाले. आत्या गिऱ्हाइकाचं बोलणं अर्धवट सोडून खिडकीशी यायची आणि परत जायची. गिऱ्हाईक होता शिडाच्या होडीवाला, जो प्रत्येक वाक्य "तसं नाही, पण" म्हणून सुरू करतो. "तसं नाही, पण म्हातारा माणूस, वारा पण आहे," एवढं तो म्हणाला आणि आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं सगळं त्यानं गिळलं.

बाराला दहा कमी असताना होडी दिसली. मोटर पाण्याबाहेर उचललेली. आजोबा वल्ही मारत होते.

आत्या पायऱ्या दोन-दोन करत खाली गेली. ऑपरेशन होऊन तीन महिने झालेला माणूस, वाऱ्याच्या विरुद्ध दोन तास वल्ही मारून आला होता. तोंड लालबुंद, हात पोटावर. आणि त्यांच्या पायाशी 'यायची' तशीच होती, वायरीला न लागलेली, गळ्यापर्यंत भरलेली.

"हे काय केलंत बाबा? दुसरी का नाही लावलीत?"

"दुसरी?" आजोबांनी दम घेतला. "एक बहीण खोटी निघाली. दुसरीच्या नादाला कशाला लागू?"

"खोटी कशी?"

"चांगली गात होती, आणि एकदम गप्प. ना कण्हली, ना कुंथली. खरी बॅटरी अशी मरते का?"

आत्या तिथंच धक्क्यावर बसली. चूक तिच्या लक्षात आली होती, आणि ती आजोबांची नव्हती. शिशाची बॅटरी संपताना सांगून संपते. मोटरचा आवाज आधी जाड होतो, मग रडका, मग म्हातारा, आणि ते ऐकून माणूस वेळेत परत फिरतो. आजोबा एकोणतीस वर्षं मीटरच्या काट्याकडे न बघता त्या आवाजावर परत आले होते. लिथियम तसं करत नाही. शेवटपर्यंत एका सुरात चालते आणि मग एकदम बंद होते. ही गोष्ट आत्यानं दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितली होती, स्टुलावर बसवून, दोनदा, वहीत लिहून. फक्त आपल्या वडिलांना सांगायची राहिली होती. त्यांना पाण्यातलं सगळं कळतं, असं ती लहानपणापासून धरून चालली होती.

डॉक्टर घरी आले, पोट दाबून पाहिलं. टाके शाबूत होते. पण जाताना ते आत्याला दाराबाहेर म्हणाले, "पुन्हा एकदा वल्ही मारली तर होडी बंद. कायमची."

भिंत पातळ होती. आजोबा आतून म्हणाले, "कायमची? हं. विकून टाक."

ते असं सरळ म्हणाले, न चिडता, आणि तेच वाईट होतं. चिडलेल्या आजोबांची आम्हाला सवय आहे.

पुढचे चार दिवस त्यांनी हवामानही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी आत्यानं दुकानाला कुलूप लावलं, जे ती कधी लावत नाही, आणि त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"चला. मला होडीत बसायचंय."

आत्याला होडी लागते. बांधलेल्या होडीतसुद्धा तिला मळमळतं. आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि ते चपला शोधायला लागले.

काठापासून जेमतेम वीस हातांवर ते फिरत राहिले. परतीची भरलेली पायाशी ठेवून तिनं मुद्दाम जवळजवळ संपलेली बॅटरी लावली होती, हे त्यांना सांगितलं नव्हतं. तिनं काहीच सांगितलं नव्हतं, एकदाही "साधी गोष्ट" नाही. होडीची कड घट्ट धरून, तोंड हिरवं करून ती बसली. मोटर गुणगुणत होती. आजोबा ऐकत होते, मान थोडी तिरकी. एक फेरी, दुसरी फेरी, तोच सूर. तिसऱ्या फेरीत, अगदी मध्येच, गप्प. फक्त पाण्याचा आवाज.

"मेली," आजोबा म्हणाले.

"झोपली. न सांगता झोपते, ही तिची खोड आहे. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

आजोबांनी मोटर दोनदा चालू करून पाहिली. मग म्हणाले, "तुझी आई अशीच होती. बोलता बोलता झोपायची. मी आपला उत्तर देत राहायचो."

आत्याला हसू आलं आणि मळमळलंही, दोन्ही एकदम.

"मग कळायचं कसं?" आजोबांनी विचारलं.

त्या एका प्रश्नासाठी ती होडीत बसली होती. ज्याला होडी विकायची आहे तो असलं काही विचारत नाही.

तिनं मोटरच्या वायरीवर एक छोटं यंत्र बसवलं. बॅटरीतून किती गेलं ते यंत्र मोजत राहतं, आणि पाचवा हिस्सा उरला की बॅटरी बदलेपर्यंत शिटी मारत राहतं. आकडे दिसायला आजोबांना चष्मा लागतो आणि होडीत ते चष्मा घालत नाहीत, म्हणून तिनं सगळ्यात मोठ्या आवाजाची शिटी निवडली. दुकानात तिनं ती वाजवून दाखवली तेव्हा जाळीवाल्याच्या हातातला कप सांडला. काटाही आला असणार.

माझं मत स्पष्ट होतं. ज्या माणसानं आजवर घरातली दोन गजराची घड्याळं उशीखाली कोंबून बंद पाडली, तो ही शिटी पहिल्याच दिवशी उपटून तलावात टाकणार. मी तसं आत्याला म्हणाले.

"टाकणार नाही. वाजली की वळतील," आत्या म्हणाली.

"पैज?"

"पैज. ते वळले तर तू महिनाभर कुणाची नक्कल करायची नाहीस. जाळीवाल्याची नाही, डॉक्टरांची नाही, बाबांची तर अजिबात नाही."

"आणि टाकली तर?"

"तर माझी कर. गिऱ्हाइकांसमोर."

असली पैज कोण सोडतं? मी हातावर हात मारला.

शिटी लावून आजोबा पहिल्यांदा निघाले त्या दिवशी वारा पडलेला होता आणि तलाव ताटासारखा सपाट. आम्ही दोघी खिडकीशी. सव्वाआठच्या सुमारास, लांब त्या ठिपक्यातून, टिटवीचं पिल्लू ओरडावं तसा बारीक आवाज आला. एकदा. दोनदा. आत्याचा गाल खिडकीच्या गजाला टेकलेला होता आणि या वेळी डोळे उघडे होते. शिटी वाजत राहिली, वाजत राहिली. मी मनातल्या मनात आत्याच्या "साधी गोष्ट आहे"ची तयारी सुरू केली होती.

मग ती थांबली, आणि होडीचं नाक सावकाश आमच्याकडे वळलं.

साडेनऊला आजोबा पायऱ्या चढून आले, दोन्ही हातांत एकेक बॅटरी, तिसऱ्या वळणावर तलाव बघायला थांबल्यासारखं करून. दोन्ही खोके त्यांनी फळीवर ठेवले. आत्यानं मान वाकडी करून पहिल्याला गाल लावला, मग दुसऱ्याला.

"तुझ्या त्या पिपाणीला सांग," आजोबा धापा टाकत म्हणाले, "जरा हळू बोलायला."

"काढून टाकू का, बाबा?"

"टाकू का? हं! काढ कोण म्हणालं? हळू म्हणालो मी, हळू!"

आणि हे बोलताना त्यांची हनुवटी अशी पुढे आली होती, 'हं' असा नाकातून निघाला होता, उजवी भुवई अशी चढली होती की माझ्या तोंडात सगळं तयार झालं, जसंच्या तसं, आवाजासकट. आत्या माझ्याकडे बघत होती. मी ओठ घट्ट मिटले आणि वाळूची बादली उगाचच इकडची तिकडे ठेवली. महिन्याचे तीस दिवस होते, आणि हा पहिला.